मोठ्या पडद्याचा टीव्ही घेताना

उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरात पहिली मागणी कशाची होते, ते सभासदांना आम्ही सांगायला नको. आजवर या पानावर आपण बेणे, खोडवा, माती परीक्षण असे पाठ घेतले. या अंकात विषय जरा वेगळा आहे, पण पैसा उसाचाच आहे, म्हणून घेतला.

निमित्त असे झाले. आपले एक सभासद मूळचे मणिबेलीचे. सरदार सरोवराचे पाणी १९९३ साली महाराष्ट्रात ज्या गावात पहिल्यांदा शिरले, ते हे अक्कलकुवा तालुक्यातले गाव. जुने शूलपाणेश्वराचे देऊळ त्या पाण्याखाली गेले, आणि १९९४ साली जागतिक बँकेला धाडलेल्या जाहीरनाम्याला याच गावाचे नाव दिले गेले. सभासद पुनर्वसनात खाली सपाटीला आले, ऊस करू लागले. थोरले भाऊ मात्र वरच्या अंगाला सरकून तिथेच राहिले. त्यांच्या ओटीवर सांजेला अर्धा पाडा जमतो. "दादाला यंदा मोठा टीव्ही द्यायचा. पंचवीस हजारांच्या वर जाणार नाही. पोरं म्हणतात पंचावन्न इंची फोर-के हप्त्यानं घ्या. तुम्ही काय म्हणता?" असे त्यांनी विचारले. होडीतून नेलेला संच पसंत पडला नाही म्हणून परत आणणे सोपे नाही, तेव्हा उत्तर विचार करूनच द्यायला हवे होते.

आधी मापाचे बघू. इंच म्हणजे पडद्याची तिरकी लांबी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. त्यामुळे ३२ आणि ४३ यांत अकराच इंचांचा फरक दिसला, तरी पडद्याचे क्षेत्र जवळजवळ १.८ पट होते. ५५ इंची तर ३२ च्या सुमारे तिप्पट.

आता चित्राची बारकाई. पडद्यावर ठिपके असतात. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. फोर-के म्हणजे याच्या चौपट. 'एचडी रेडी' लिहिलेल्या संचात बहुधा १३६६ गुणिले ७६८ एवढेच असतात. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. 'फोर-के चालतो' असे मोघम लिहिलेले असेल तर पडद्याचे ठिपके किती, ते वेगळे विचारावे.

पण खरी गोम पुढेच आहे. उसात नुसते टनेज बघून भागत नाही, उतारा बघावा लागतो, तसेच हे. भाऊंकडे केबल नाही. महिन्याला पैसे न पडणारी डीडी फ्री डिश लावायची. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या, म्हणजे ७२० गुणिले ५७६, सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. तेवढेच चित्र फोर-के पडद्यावर वीसपट ताणले जाते. एका सरीचे पाणी वीस सऱ्यांना सोडल्यावर ऊस कसा दिसेल? आमच्यापैकी एकाने हा प्रयोग स्वतःच्या खर्चाने करून ठेवला आहे. दुकानात रंगीत मासे पोहताना पाहून ५५ इंची घरी आणला, आणि दहा फुटांच्या खोलीत सह्याद्री लावल्यावर आई म्हणाली, "अरे, आपला जुना डबा बरा होता की!" मासे दुकानदाराच्या पेनड्राइव्हवरचे होते.

यावर हिशेब सोपा आहे. साध्या वाहिनीसाठी इंचांना चाराने भागावे. जे येईल तितके फूट लांब बसले की ठिपके वेगळे जाणवत नाहीत. फुल एचडी चित्रासाठी आठाने भागावे. म्हणजे ३२ इंचीला आठ फूट, ४३ इंचीला पावणेअकरा, ५५ इंचीला पावणेचौदा. भाऊंची ओटी किती? सभासदांनी तिथल्या तिथे फोन लावला. भिंतीपासून पायरीपर्यंत साडेअकरा फूट निघाली. ४३ इंची, फुल एचडी. फोर-केसाठी एक रुपयाही जास्त देण्याचे कारण उरले नाही.

पूर्वी ३२ इंचांवरच्या संचाला जीएसटी जास्त होता, म्हणून पुष्कळ लोक ३२ वरच थांबत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे, तेव्हा तो अडसरही गेला.

विजेचेही पाहावे. भाऊंना संच सौर बॅटरीवर चालवायचा आहे. बारा व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्यापर्यंतच वापरली, इन्व्हर्टरची घट धरली, तर साधारण ७०० वॅट-अवर हाती येतात. ८० वॅटचा ४३ इंची त्यावर आठ-नऊ तास चालेल, दिवे वेगळे. मोठा संच याहून जास्त ओढतो. नेमका आकडा संचाच्या पाठीवर छापलेला असतो.

बिनव्याजी हप्त्याला भुलू नये. त्यात 'प्रक्रिया शुल्क' निघते, आणि रोखीवर मिळणारी सूट जाते. दोन्ही रकमा कागदावर मांडून दाखव म्हणावे.

दुकानात संच चालू करून घ्यावा, आपली नेहमीची वाहिनी लावायला सांगावी आणि अकरा फूट मागे सरून बघावे. गिऱ्हाईक मागे सरले की विक्रेते जरा गोंधळतात, गोंधळू द्यावे. पडद्याची हमी किती वर्षांची, कंपनीचा माणूस मणिबेलीपर्यंत येईल की संच खाली आणावा लागेल, हे बिलावरच लिहून घ्यावे. पडदा फुटला तर दुरुस्तीला जवळजवळ नव्या संचाइतका खर्च येतो. म्हणून नेताना खोके उभेच धरावे, ट्रॉलीत असो की होडीत, आडवे टाकू नये. वर प्लास्टिक गुंडाळावे. थर्माकोल जपून ठेवावा.

डिशसाठी अडीच-तीन हजार आधीच बाजूला काढावेत. तिचे तोंड आपल्या भागातून आग्नेयेला आणि बरेच वर, साधारण छप्पन्न अंशांवर, धरावे लागते. त्या बाजूला डोंगर किंवा महूचे झाड आड येता कामा नये. भाऊंच्या घरामागे झाड आहे. डिश अंगणाच्या कडेला न्यायची ठरली आहे. वायर किती मीटर लागेल ते मोजून ते कळवणार आहेत.