उधारीची यादी बाहेर गेली तर? दुकानाचा डेटा सांभाळायचे पाच धडे

आज विक्री नाही, जाहिरात नाही, जीएसटी पण नाही. आज आपण कुलपाबद्दल बोलणार आहोत. शटरच्या नाही, डेटाच्या.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. माझं अकोल्यात कपड्यांचं दुकान आहे, माल बराचसा अमरावतीच्या बिझीलँडमधून येतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एक काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, उधारीचे ४,२०० रुपये पाठवले, वहीत लिहून घ्या." आमच्याकडे एक रुपया जमा नव्हता. त्यांनी मोबाईल दाखवला. दुकानाचं नाव बरोबर, काकूंचं नाव बरोबर, बाकीचा आकडा बरोबर. फक्त खालचा क्यूआर कोड आमचा नव्हता.

"तुमच्याच दुकानाचा मेसेज होता नं भाऊ. आकडाबी बरोबर. मंग म्या काऊन नाही पाठवायचे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आठवड्याभरात असे सहा ग्राहक निघाले. सगळ्यांची उधारी मी फिटली असं धरलं, कारण चूक माझी होती. पण त्यातले दोघं पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. हे नुकसान कोणत्या खात्यात लिहायचं, ते बीबीएत कुणी शिकवलं नव्हतं.

झालं कसं? काउंटरच्या कॉम्प्युटरवर उधारीची एक्सेल फाईल होती. दुरूनच दुरुस्ती करता यावी म्हणून त्याच कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर कायम चालू ठेवलं होतं. पासवर्ड म्हणजे दुकानाचं नाव आणि पुढे १२३. तो चौघांना माहीत होता, त्यातले दोघं काम सोडून गेलेले. फाईल कुणी नेली ते मला आजही सांगता येत नाही. पासवर्ड सगळ्यांचा एकच असला की चोर तर सापडत नाहीच, वर चांगल्या माणसांवर संशय घ्यायची पाळी येते.

मोठ्यांकडेही चोर बाजूच्या दारानेच येतो

तुम्ही म्हणाल, आपण छोटे दुकानदार, आपल्यामागे कोण लागतं? मग आधी एक मोठं उदाहरण बघा. पुण्याची कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८. एटीएममध्ये कार्ड टाकलं की मशीन 'स्विच' नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेला विचारतं, पैसे द्यायचे का? चोरांनी ग्राहकांच्या कार्डांची माहिती मिळवून नकली कार्डं बनवली आणि मालवेअर वापरून खोटा स्विच उभा केला. प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हता, खोटा स्विचच "द्या" म्हणून मोकळा होत होता.

दिवसही बघून निवडला होता. ११ ऑगस्ट, दुसरा शनिवार, बँक बंद. त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतात सुमारे अडीच कोटी निघाले. सोमवारी आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

यातून आपण काय घ्यायचं? तिजोरी फोडावी लागलीच नाही. आधी माहिती गेली, मग पैसा गेला. माझ्या दुकानातही तसंच झालं, फक्त आकडा लहान होता. म्हणून महागडं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी आपली बाजूची दारं मोजा.

धडा १ : डेटा कुठे कुठे पडला आहे ते लिहा

एक कोरा कागद घ्या. टॅली, एक्सेल, व्हॉट्सॲप, मालकाचा मोबाईल, पोराचा मोबाईल, सीएला पाठवलेले ईमेल, ड्रॉवरमधला पेन ड्राईव्ह, आधारच्या झेरॉक्सची फाईल. प्रत्येकासमोर लिहा, हे कोण कोण उघडू शकतं. माझी यादी अकरा ओळींची झाली. मला वाटत होतं तीन होईल.

धडा २ : ज्याची त्याची किल्ली वेगळी

प्रत्येक माणसाला वेगळं लॉगिन द्या. टॅलीत प्रत्येकाला वेगळे अधिकार देता येतात. बिल बनवणाऱ्या पोराला अख्खं लेजर दिसायची गरज नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा, अनोळखी कॉम्प्युटर दिसला की लॉगआउट करा. तिथेच सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी चालू करा. दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर काम झालं की बंद. आणि माणूस काम सोडतो त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद. यात अविश्वास नाही. शटरची किल्ली आपण परत घेतोच ना?

धडा ३ : लागत नाही ते ठेवूच नका

जे जवळ नाही ते चोरीला जात नाही. साडी उधार द्यायला आधारची झेरॉक्स कशाला? एखाद्या कामाला ओळखपत्र लागलंच, तर 'मास्क्ड आधार' मागा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. चुकता झालेल्या जुन्या उधारीच्या याद्या काढून टाका. जुना कॉम्प्युटर विकताना आधी हार्ड डिस्क काढून घ्या, मोबाईल विकताना फॅक्टरी रिसेट करा.

धडा ४ : बॅकअप घ्या आणि वायर काढा

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या रॅन्समवेअरने दीडशे देशांतले कॉम्प्युटर कुलूपबंद केले. फाईल उघडायची तर खंडणी द्या! मायक्रोसॉफ्टने त्यावरचा अपडेट दोन महिने आधीच दिला होता, ज्यांनी तो टाकला नाही ते जास्त अडकले. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या काउंटरवर काय चालू आहे ते आजच बघा.

बॅकअपचा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. बॅकअपची डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवली तर रॅन्समवेअर तीही खातं. म्हणून काम झालं की वायर काढा. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघा, नाहीतर गरज पडेल त्या दिवशी कळायचं की फाईल रिकामीच होती.

धडा ५ : झालंच, तर लपवू नका

माझी सर्वात मोठी चूक ही होती. काकू आल्या त्या दिवशी मी कुणालाच सांगितलं नाही, "दुकानाचं नाव खराब होईल" म्हणून. उरलेले पाच जण त्यानंतरच्या चार दिवसांत फसले.

आता क्रम पाठ करून ठेवा. कॉम्प्युटरचं नेट बंद करा. दुसऱ्या साधनावरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. घाईघाईत फॉरमॅट मारू नका, पुरावा जातो. आणि त्याच दिवशी सगळ्या ग्राहकांना साधा मेसेज : "आमच्या दुकानाच्या नावाने खोटे मेसेज येत आहेत. दुकानात फोन केल्याशिवाय पैसे पाठवू नका."

हे आता फक्त चांगुलपणाचं काम राहिलेलं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी दीड वर्षाची मुदत दिली आहे. त्यानंतर डेटा फुटला तर ज्यांचा डेटा आहे त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवावं लागेल. सुरक्षेत हयगय केली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. घाबरू नका, दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य बघतात आणि नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं तेही बघतात. म्हणून पहिल्या दिवशी बोलणं तुमच्याच फायद्याचं.

आजचा गृहपाठ : शटर पाडायच्या आधी पंधरा मिनिटं काढा. धडा १ चा कागद लिहा आणि एक तरी जुनं लॉगिन बंद करा. बाकी उद्या.

त्या काकू आजही येतात. पैसे पाठवायच्या आधी फोन करून विचारतात, "भाऊ, हा कोड तुमचाच नं?" मी दर वेळी सांगतो, "हो काकू, आमचाच. पण विचारलं ते बरं केलं."