कायद्याची ओळख : झडती, पंचनामा आणि पक्के बिल

आपल्या शाळेतील कित्येक मुलांच्या घरी दुकान आहे, म्हणून या वेळी व्यापारचिन्हाचा कायदा घेतला आहे. दप्तरावर, कंपासपेटीवर, साबणावर कंपनीचे जे नाव किंवा खूण असते, ते व्यापारचिन्ह. दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने आपल्या मालावर लावणे हा गुन्हा आहे, आणि तसा माल विकणे हाही. १९९९ चा हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

मग कोणीही शिपाई येऊन दुकान उलथेपालथे करू शकतो का? नाही. कलम ११५ प्रमाणे वॉरंटाशिवाय झडती व जप्तीचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा तितक्याच दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे, त्याखालच्यास नाही. त्यानेही आधी व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घ्यायचे आणि त्याप्रमाणेच वागायचे. जप्त होतो तो माल, ठसे, छपाईचे साचे, यंत्रे व गुन्ह्यात वापरलेल्या इतर वस्तू.

वह्या आणि बिले तपासासाठी हवी असतील, तर ठाण्याचा प्रमुख अधिकारी लेखी आदेश देऊन ती मागवू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४ त्यासाठी आहे. झडतीला परिसरातील दोन प्रतिष्ठित पंच हवेत, जप्तीची यादी करून तिची प्रत दुकानदाराला द्यायला हवी, आणि आता चित्रीकरणही बंधनकारक आहे. (पंच व्हायला शेजारी कचरतात, हा भाग निराळा!)

कागदाला भिऊन तो लपवणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. वास्तविक तोच कागद त्यांच्या बाजूचा असतो. योग्य काळजी घेतली होती व संशयाला जागा नव्हती, किंवा माल कोणाकडून घेतला याची असेल ती सर्व माहिती मागताच दिली, हे सिद्ध केले तर विक्रेता कलम १०४ खाली सुटू शकतो. सिद्ध करण्याचा भार मात्र त्याच्यावरच. घाऊक व्यापाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख असलेले पक्के बिल तिथे कामी येते. स्वस्तात मिळाले म्हणून कच्च्या चिठ्ठीवर उचललेल्या मालाचे काय दाखवणार?

जप्त माल शक्य तितक्या लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. तो परत हवा असल्यास जप्तीपासून १५ दिवसांच्या आत त्यांच्याकडेच अर्ज करावा लागतो.