पिशवीच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे: खर्च किती, कागद कोणते

गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनचा खर्च रुग्णालय तुम्हाला एका आकड्यात सांगतं. घरी आल्यानंतरच्या सहा आठवड्यांचा खर्च मात्र कुणी सांगत नाही, आणि तो बहुतेक वेळा तुमच्याच खिशातून जातो. ऑपरेशनची तारीख ठरवतानाच हा दुसरा हिशेबही मांडून ठेवा.

आधी दिवसांचं बघू. पोटावर छेद घेऊन ऑपरेशन झालं तर रुग्णालयात साधारण तीन ते पाच दिवस राहावं लागतं. दुर्बिणीतून किंवा योनीमार्गे झालं तर एक ते तीन. नेहमीच्या कामाला लागायला पहिल्या प्रकारात सहा ते आठ आठवडे जातात, बाकी दोन्हींत तीन ते सहा. ‘दुर्बिणीचं आहे, चार दिवसांत कामाला लागाल’ असं कुणी म्हणालं तर ते पोटावरच्या बारीक टाक्यांपुरतं खरं आहे. आत, योनीच्या वरच्या टोकाला घातलेले टाके भरून यायला सगळ्यांनाच सहा आठवडे द्यावे लागतात. जड उचलणं आणि शरीरसंबंध यांवरची बंदी या आतल्या टाक्यांसाठी असते.

आता पॅकेज. ‘सगळं त्यात आलं’ या वाक्यावर थांबू नका. भूलतज्ज्ञाची फी, औषधं, दुर्बिणीच्या ऑपरेशनला लागणारं एकदाच वापरायचं साहित्य, रक्ताची पिशवी, बायोप्सी, टाके काढणं, पहिली फेरतपासणी यांतलं काय आत आणि काय बाहेर, हे कागदावर लिहून घ्या. खोली निवडताना दोन आकडे लक्षात ठेवा. दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो. आणि विम्यात खोलीभाड्याची मर्यादा असेल, तर महाग खोली घेतल्यावर फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत; डॉक्टरांच्या फीसह बिलाचा बराच भाग त्याच प्रमाणात कमी मंजूर होतो. दोन रात्रींच्या एसीसाठी हजारो रुपये जातात ते असे. औषधं रुग्णालयाच्याच दुकानातून घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बायोप्सीकडे. काढलेलं गर्भाशय तपासणीला गेलंच असेल असं गृहीत धरू नका, विचारा. अनेक छोट्या रुग्णालयांत औषधी पाण्यात गर्भाशय ठेवलेली बरणी नातेवाइकांच्या हातात देतात आणि ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ म्हणतात. ती बरणी त्याच दिवशी पोहोचली पाहिजे, आणि पावती जपली पाहिजे. खर्च साधारण १,००० ते ३,००० रुपये, रिपोर्ट सात ते दहा दिवसांत. पैसे वाचवायला ही तपासणी टाळू नका, आणि रिपोर्ट आणायला तर मुळीच विसरू नका. गाठ साधी होती की नाही, हे पक्कं सांगणारा कागद हाच. तो डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तुमचं ऑपरेशन पूर्ण झालं असं समजू नका.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की घरी निघण्याआधी वाचून घ्या. बीजकोष काढले की ठेवले? गर्भाशयाचं मुख काढलं की ठेवलं? हे त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. दोन्ही बीजकोष काढले असतील तर रजोनिवृत्ती एकदम येते: अंगातून गरम वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं. तुमचं वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर संप्रेरकांच्या औषधांबद्दल पहिल्याच फेरतपासणीत विचारा. गर्भाशयाचं मुख ठेवलं असेल, तर त्याची कॅन्सरसाठीची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. ऑपरेशनच्या नोंदीची आणि सगळ्या रिपोर्टांची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. ७२ तासांत देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

घरचा हिशेब आता. मोठा खर्च माणसाचा. पुण्या-मुंबईत ब्युरोकडून बारा तासांची मावशी घेतली तर दिवसाला साधारण ७०० ते १,००० रुपये पडतात. पंधरा दिवस धरले तर साडेदहा ते पंधरा हजार. त्यावर ब्युरोचं नोंदणी शुल्क किंवा कमिशन वेगळं, सुट्टीच्या दिवशी बदली माणसाचे पैसे वेगळे, चहा-जेवण तुमच्याकडचं. स्वयंपाक, धुणं-भांडी ही मावशी करणार नाही, हेही आधीच विचारून घ्या. खरं तर बहुतेक बायकांना शुश्रूषेपेक्षा स्वयंपाकाला आणि पाणी भरायला माणूस हवं असतं. म्हणून आधीच्याच कामवाल्या ताईंना महिनाभर जास्तीचे पैसे देऊन दोन तास वाढवून घ्या. खर्च बराच कमी होतो.

घरात भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर कमोड खुर्ची लागेल. ती सर्जिकल साहित्याच्या दुकानांत भाड्यानेही मिळते, विकत घेण्याआधी चौकशी करा. पोटाचा बेल्ट साधारण ३०० ते ८०० रुपये. पोटावर छेद असेल तर उठता-बसता आधार वाटतो, योनीमार्गे ऑपरेशन झालं असेल तर बहुधा गरजच नसते. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिला तरच घ्या. अंगावरून थोडं तांबूस, तपकिरी चार ते सहा आठवडे जाऊ शकतं. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड १ रुपयाला एक मिळतं. वेदनाशामक, लोह, कॅल्शियम, आम्लपित्ताची गोळी यांची जेनेरिक औषधंही तिथे स्वस्त पडतात. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप या काळात वापरायचा नाही.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथल्याने आतल्या टाक्यांवर ताण येतो. इसबगोल, भरपूर पाणी, पपई, पालेभाज्या. डिंकाचे लाडू कुणी प्रेमाने आणले तर एखादा खा, पण त्यांच्यावर भिस्त नको. बाळंतिणीसारखी पोटाची मालिश आणि जखमेवर शेक ही दोन्ही कामं टाळा. आणि सहा आठवडे अंथरुणात पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. दुसऱ्या दिवसापासून घरात थोडं थोडं चालायचं, नाहीतर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. उचलायचं काय नाही? पाण्याची कळशी, भरलेला मोठा कुकर, ओल्या कपड्यांची बादली, गॅसचं सिलिंडर, कडेवर मूल. शेतात किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने सहा आठवड्यांच्या आत मोळी उचलणं म्हणजे दुखणं पुन्हा ओढवून घेणं. घरच्यांनी आणि मुकादमाने ही मजुरी बुडणार हे आधीच धरून चालावं. स्कूटर मात्र अचानक ब्रेक दाबताना पोटात कळ येत नाही, एवढं झाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच चालवा.

फेरतपासणीची वाट न बघता डॉक्टरांना लगेच गाठायचं कधी? तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं. १०० अंशांच्या वर ताप आला. दुर्गंधी असलेला स्राव किंवा टाक्यांतून पू. एका पोटरीला सूज आणि दुखणं. छातीत दुखणं, धाप लागणं. यात तर थेट १०८ ला फोन. लघवी होतच नाही, किंवा योनीतून सतत पाण्यासारखी गळते. हे शेवटचं लक्षण बायका लाजेने सांगत नाहीत, ‘अशक्तपणा असेल’ म्हणून पॅड लावून काढतात. ऑपरेशनच्या वेळी मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा झाली असेल तर असं होतं आणि ते दुरुस्त करता येतं. लपवू नका. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस नुसता खांदा दुखत असेल तर तो पोटात भरलेल्या वायूमुळे. तो आपोआप जातो.

विमा असेल तर घरी आल्यानंतरचा खर्चही परत मिळू शकतो, आणि बहुतेक जण तो मागतच नाहीत. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवस धरतात. तुमच्या पॉलिसीत किती ते बघा. फेरतपासणीची फी, औषधं, सोनोग्राफी, बायोप्सी यांची मूळ बिलं, प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक एका फायलीत ठेवा. ‘आरोग्य संजीवनी’त हा दावा उपचार संपल्यापासून १५ दिवसांत करावा लागतो. सॅनिटरी पॅड, डायपर, हातमोजे, बेल्ट, सोबत राहणाऱ्याचं शुल्क आणि तपशील न देता लावलेला कोणताही ‘किट’ विमा कंपनी देत नाही. म्हणून रुग्णालयाच्या बिलात ‘किट’ दिसला की आत काय काय होतं ते वेगवेगळं लिहून मागा. कॅशलेस असेल तर रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यापासून तीन तासांत कंपनीने मंजुरी द्यायची असते. उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे, तुम्ही नाही. आणि नवीन पॉलिसीच्या भरवशावर ऑपरेशन ठरवू नका. गर्भाशयाच्या आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते.

विमा नसेल तर तीन वाटा आधी तपासा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत पिवळं, केशरी आणि पांढरं रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात, म्हणून ‘माझं ऑपरेशन इथे योजनेत होतं का’ हे भरती होण्याआधी विचारा. घरी सोडल्यानंतर किती दिवसांची औषधं आणि तपासणी फुकट, हेही त्याच वेळी विचारा. योजनेत असताना कुणी वरून पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा. धर्मादाय रुग्णालयात वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत आणि ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर निम्म्या दरात राखीव खाटा असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत न्या आणि थेट तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. बिल झाल्यावर नव्हे, भरती होताना.

नोकरी करत असाल तर मातृत्व लाभाच्या नियमांतली भरपगारी रजा कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला मिळते, गर्भाशय काढण्याला त्यात वेगळी तरतूद नाही. आजारपणाची आणि साठलेली हक्काची रजा जोडून घ्या. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड असेल तर ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास मजुरीच्या ७० टक्के आजार लाभ मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. त्यासाठी ईएसआय डॉक्टरांचा दाखला लागतो. ऑपरेशन खासगीत होणार असेल तरी आधी तुमच्या ईएसआय दवाखान्यात जाऊन कागद कोणते लागतील ते विचारून या. रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट मागतात. ते फेरतपासणीच्याच दिवशी मागून घ्या, नाहीतर एका कागदासाठी पुन्हा फी पडते. आणि त्यावर ‘आणखी काही आठवडे जड काम नको’ एवढी ओळ डॉक्टरांकडून लिहून घ्यायला विसरू नका.