विडीचा धूर आणि ग्रामीण आरोग्य

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांनी ती भारतात आणली आणि पाहता पाहता ती राजदरबारापासून शेताच्या बांधापर्यंत पोहोचली. आज पाहुणचार, विसावा आणि गप्पागोष्टी यांच्याशी तिचे नाते इतके जडले आहे की, तिच्याकडे व्यसन म्हणून पाहण्याचेच अनेकांना सुचत नाही. २०१६-१७ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १५ वर्षांवरील लोकांपैकी ७.७ टक्के विडी ओढतात, तर सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्के आहे. म्हणजेच धूम्रपानाचा प्रश्न आपल्याकडे प्रामुख्याने विडीचा, पर्यायाने कष्टकऱ्यांचा प्रश्न आहे.

विडी सौम्य आहे काय?

विडी पानात वळलेली असल्याने सिगारेटपेक्षा कमी अपायकारक, असा समज खेडोपाडी रूढ आहे. तो सर्वस्वी चुकीचा आहे. विडीत तंबाखू थोडी असते हे खरे. परंतु तेंदूच्या पानातून हवा सहज आत जात नाही. त्यामुळे विडी विझू नये म्हणून ओढणाऱ्यास वरचेवर व जोराने झुरके घ्यावे लागतात. परिणामी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड ही विषारी द्रव्ये सिगारेटइतकीच, किंबहुना अधिकच, शरीरात जातात. भारतातील मृत्यूंचा अभ्यास करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी, तर स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी घटते, असे आढळून आले.

शरीरावर होणारे परिणाम

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात. त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगास कारणीभूत ठरतात. फुप्फुस, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी निकटचा संबंध आहे. कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, रक्तवाहिन्या कठीण होतात आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. जुनाट खोकला व दमछाक यांना वयाचा दोष मानण्यात येते. प्रत्यक्षात तो बहुधा धुराचा दोष असतो.

आपल्या दृष्टीने विशेष चिंतेची बाब क्षयरोगाची आहे. धूम्रपान करणाऱ्यास क्षय होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक असते आणि उपचार चालू असताना धूम्रपान केल्यास रोग बरा होण्यात अडथळा येतो. शिवाय घरात ओढलेल्या विडीचा धूर पत्नी, मुले आणि गर्भवती स्त्रिया यांनाही सोसावा लागतो.

सोडण्याचा लाभ

‘इतकी वर्षे ओढली, आता सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर ब्रिटिश डॉक्टरांच्या प्रदीर्घ पाहणीने दिले आहे. सर रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून चालविलेल्या या पाहणीचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठाव्या वर्षी धूम्रपान सोडल्यास सुमारे ३ वर्षे, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडल्यास सुमारे १० वर्षे आयुष्य वाचते. व्यसन सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो.

सोडावे कसे?

१. एक दिवस निश्चित करावा व तो घरच्यांना सांगावा. त्या दिवशी विडीबंडल व काडेपेटी खिशातून दूर करावी.

२. चहानंतर, जेवणानंतर, कामाच्या सुटीत, अशी तलफेची वेळ ओळखून त्या वेळी दुसरे काम योजावे.

३. तलफ काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, बडीशेप किंवा लवंग चघळावी.

४. चिडचिड, बेचैनी, झोप न येणे हा त्रास पहिल्या आठवड्यात अधिक असतो व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत कमी होतो. तो आजार नव्हे. शरीर निकोटीनविना राहण्यास शिकत असल्याची ती खूण होय.

५. विडीऐवजी मिश्री किंवा तंबाखू-चुना घेऊ नये. त्यामुळे मुखाच्या कर्करोगास निमंत्रण मिळते.

६. निग्रह एकदा ढळला तरी पुन्हा प्रयत्न करावा. गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनयुक्त गोळ्या वा औषधे घ्यावीत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर मोफत मार्गदर्शन मिळते.

गावाची जबाबदारी

२००३ च्या केंद्रीय कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान, १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूची विक्री आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री करण्यास मनाई आहे. तथापि केवळ दंडाने व्यसन सुटत नाही. ग्रामपंचायतीच्या बैठकीत सदस्यच विडी पेटवीत असतील, तर भिंतीवरील फलकास अर्थ उरत नाही. शिक्षकाच्या वागणुकीतून विद्यार्थी जे शिकतो, ते पाठ्यपुस्तकातील धड्याहून खोल रुजते.

यात एक अवघड बाजूही आहे. तेंदूपाने गोळा करणे व विड्या वळणे यांवर विदर्भापासून सोलापूरपर्यंत अनेक गरीब कुटुंबांची चूल पेटते; विड्या वळणाऱ्यांत स्त्रियाच अधिक. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. विडीचा खप घटवीत असताना या भगिनींना दुसरे रोजगार मिळवून देणे हेही तितकेच निकडीचे कार्य आहे. विडी ओढणारा आणि विडी वळणारी हे दोघेही बहुधा एकाच वस्तीतील असतात. म्हणून गावाने दोघांचाही विचार एकत्रच करावयास हवा.