सोपाऱ्याच्या खापऱ्या

बौद्ध वाङ्मयात ‘शूर्पारक’ म्हणून ज्या बंदराचा उल्लेख येतो, ते म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा. तेथील एका उंचवट्याला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्या उत्खननातून श्रद्धेविषयी व प्रेमाविषयी काय कळते, एवढाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भगवानलाल मूळचे जुनागढचे, जन्म १८३९. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी गावोगाव हिंडून शिलालेखांचे ठसे घेता घेता ते विद्वान झाले. ते गुजरातीत लिहीत व इतर विद्वान त्याचे इंग्रजी करीत. पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हे वाचून मला किती धीर आला, ते सांगायला नको.

स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे. एवढे उघडल्यावर सोन्याच्या करंड्यात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलालांनी अनुमान केले.

मी कुंभाराच्या घरातला. कच्चे मडके मोडले तर माती पुन्हा भिजवता येते. भाजलेले फुटले की ती माती परत चाकावर येत नाही. म्हणून खापरी उकिरड्यावर जाते. आपल्या भाषेतही खापर आठवते ते दुसऱ्याच्या डोक्यावर फोडण्यापुरते. त्याच खापरीला येथे सोन्याने पोटात घेतले आहे.

हे पात्र खरोखर बुद्धांचेच होते काय? तसे सिद्ध करता येत नाही. बुद्ध आणि ते नाणे यांच्यामध्येच सुमारे सहा शतकांचे अंतर आहे. परंतु ज्यांनी एकात एक करंडे बसवले त्यांची श्रद्धा मात्र डोळ्यांनी पाहता येते.

आणखी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. तांब्याच्या करंड्याभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या. सात होऊन गेलेल्या बुद्धांच्या आणि आठवी येणाऱ्या मैत्रेयाची. अभ्यासक या मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील मानतात. म्हणजे कित्येक शतकांनी कोणीतरी ती पेटी उघडली. सोने समोर होते. त्यांनी ते तेथेच राहू दिले, आपल्याकडच्या मूर्ती भोवती मांडल्या आणि पेटी पुन्हा बंद केली. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. श्रद्धेबरोबर प्रेम असते ते असे, असे मला वाटते.

घरी आजोबा विचारतात, “जुन्या खापऱ्या शिकून पोट भरेल का रे?” पोटाचे मी आज सांगू शकत नाही. पण आपल्या हातच्या मातीला माणसांनी शतकानुशतके कसे जपले, हे मी त्यांना सांगितले. आजोबा चाक थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, “भाजणी चांगली असणार.”