वेताळाला उत्तर दे

छत्रपती संभाजीनगर
कोजागरी पौर्णिमा

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. फोनवर 'सगळं छान आहे' म्हणून मोकळी होतेस, पण कागदावर आलीस की खरं सांगतेस. म्हणून तुझ्या पत्राची मी वाट बघते. तुमच्या कॉलेजच्या वाचक मंडळात प्रत्येकाला आवडत्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलायचं होतं. तुझ्या पिशवीत सुहास शिरवळकर होते, आणि उभी राहून तू नाव घेतलंस ते कधी उघडूनही न पाहिलेल्या एका पुरस्कारप्राप्त कादंबरीचं. बोलणं निभावलं, टाळ्याही पडल्या, आणि रात्रभर तुझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी विचारलंस, 'आत्या, प्रेमकथा, जादूच्या गोष्टी आणि खुनाच्या कादंबऱ्या सोडून मी दुसरं वाचतच नाही. बंद करू का?'

बंद करू नकोस. त्या पाच मिनिटांत जे केलंस, ते मात्र पुन्हा करू नकोस.

तुला माहीत आहे, एकतीस वर्षं मी वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर बसले. तिथे बसणाऱ्याला पुस्तकाचं तोंड नंतर दिसतं, आधी दिसते शेवटच्या पानावरची तारखेची चिठ्ठी. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या नि काळा पहाडच्या पुस्तकांवर शिक्क्याला जागा उरत नसे. जुन्या चिठ्ठीवर नवी डकवायची, तीही चार महिन्यांत भरायची. गुरुनाथ नाईक, नारायण धारप, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांचंही तेच. नेणारे कोण? एसटीचे कंडक्टर, घाटी रुग्णालयातल्या नर्सबाई, शाळामास्तर, बँकेतले कॅशियर. पण पुस्तक हातात पडलं की निम्मे लोक ते वर्तमानपत्रात गुंडाळायचे. 'मुलाला हवंय' म्हणायचे. दिवसभर राबून आलेल्या माणसाला स्वतःच्या दोन तासांच्या आनंदाची लाज वाटावी, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

ती लाज मला चौदाव्या वर्षी ठाऊक झाली. एका वाचनालयात मी कुमुदिनी रांगणेकरांची कादंबरी मागितली आणि खिडकीतल्या गृहस्थांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, 'घरी माहीत आहे का?' घरी माहीत होतं. आई स्वतः वाचायची, दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी उभ्या उभ्या. पण मला ते सांगता आलं नाही. मी मान खाली घालून एक थोर चरित्र घेऊन आले आणि न वाचता परत केलं. म्हणून तुझी ती रात्र मला समजते.

आता पैठणकडे बघ. आपल्या घरापासून पन्नासेक किलोमीटर. शाळेच्या सहलीत तू नाथसागर पाहिलास, संत एकनाथांचा वाडा पाहिलास, पैठणीचे माग पाहिलेस. पण ज्या तीन प्रकारांची तुला लाज वाटते, त्या तिन्हींचं माहेर तेच गाव आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. प्रेमाचं म्हणशील तर पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावरची 'गाथासप्तशती'. सातशे गाथा, महाराष्ट्री प्राकृतातल्या, आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतल्या. त्यात राजवाडे फारसे नाहीत. शेतं आहेत, गोदेचा काठ आहे, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाया आहेत, चोरून भेटणारी माणसं आहेत.

अद्भुताचं म्हणशील तर गुणाढ्य. त्याची कथा पुरी सांगते, कारण ती तुझ्यासाठीच आहे. सातवाहनाच्या दरबारात तो पंडित होता. राजाला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल, यावरून पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. गुणाढ्य हरला आणि पैजेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या. रानात गेला, तिथे पैशाची शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. विद्याधर, यक्ष, शाप, उडत्या नगऱ्या, सगळं त्यात. शिष्य ती घेऊन राजाकडे गेले. भाषा पिशाचांची आणि अक्षरं रक्ताची बघून राजाने ती झिडकारली. मग गुणाढ्याने रानात अग्निकुंड पेटवलं. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. भोवती हरणं, डुकरं, पाखरं जमली, चरायचं विसरून ऐकत राहिली. इकडे राजाच्या ताटात येणारं मांस सुकलेलं निघू लागलं, राजा आजारी पडला, चौकशी झाली, शिकाऱ्यांनी खरं कारण सांगितलं. राजा धावत आला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते. मूळ पैशाची ग्रंथ आज कुठेच सापडत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने त्यावरून 'कथासरित्सागर' रचला, म्हणून आपल्याला थोडं तरी कळतं.

मनू, त्या राजाने एक ओळही वाचली नव्हती. भाषा कुठली आणि शाई कसली एवढंच पाहिलं. तुमच्या मंडळात कुणी 'ते शिरवळकर वगैरे' म्हणून तोंड वाकडं केलं, तर आधी विचार, कुठली कादंबरी वाचलीत?

तिसरं रहस्याचं. 'कथासरित्सागरा'तच वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि त्यांतला प्रेत खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचाच. आपण त्याला विक्रम म्हणतो. वेताळ गोष्टीतलं सगळं राजापुढे मांडतो, काही लपवत नाही, आणि मग विचारतो, दोष कुणाचा? हक्क कुणाचा? उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. तू रात्रभर तळमळलीस ते याचमुळे. तुला शिरवळकरांच्या 'दुनियादारी'बद्दल बोलायचं होतं, उत्तर तुझ्याजवळ तयार होतं, आणि तू गप्प राहिलीस.

पण उत्तर द्यायचं म्हणजे 'मस्त आहे', 'बोअर आहे' असं नव्हे. गेल्या दिवाळीत तू तुझी वही इथे विसरून गेली होतीस, मी ती वाचली, रागावू नकोस. प्रत्येक पुस्तकापुढे तारे काढलेस. 'शाळा'ला पाच, धारपांच्या 'लुचाई'ला साडेचार, 'प्रतिपश्चंद्र'ला चार. ताऱ्यांवरून मला तुझा त्या संध्याकाळचा आनंद कळला, पुस्तक कळलं नाही. तुझं तुलाही दोन वर्षांनी कळणार नाही.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'चंच घे. २००४ सालची कादंबरी, आणीबाणीच्या दिवसांतली नववीची पोरं. मुकुंद जोशीला जी मुलगी आवडते तिला तो शिरोडकर म्हणतो, आडनावाने. त्या वयात मुलीचं नाव मनातसुद्धा घेण्याची केवढी भीती असते आणि ते आडनावच हळूहळू किती गोड होत जातं! प्रेमकथा खरी आहे की नाही, हे अशा ठिकाणी कळतं. तुझ्या वहीत पाच ताऱ्यांऐवजी 'तो तिला आडनावाने हाक मारतो' एवढं एक वाक्य असतं तरी मी खूश झाले असते.

प्रेमकथेबद्दल आणखी एक, आणि हे आत्या म्हणून सांगते. आमच्या वेळच्या पुष्कळ कादंबऱ्यांत नायक नायिकेच्या मागे लागतो, ती नाही म्हणते, तो सोडत नाही, आणि शेवटी ती हो म्हणते. मीही त्या डोळ्यांत पाणी आणून वाचल्या. तू वाचशील तेव्हा तिच्या प्रत्येक 'नाही'पाशी थांब आणि बघ, लेखकाने ते ऐकलं का? नायकाने ऐकलं का? अ‍ॅपवर रोज एक भाग येणाऱ्या ज्या मालिका तू झोपण्याआधी वाचतेस, त्यांतही हेच बघ. श्रीमंत, रागीट, मनगट धरून ओढणारा नायक तिथे अजून जिवंत आहे. पुस्तकात तो चालतोय की नाही, यावर वाद घालता येईल. होस्टेलच्या फाटकाशी तसा कुणी उभा राहिला, तर वाद न घालता घरी फोन कर.

आणि अशा पुस्तकांनी मुली बिघडतात असं कुणी म्हणालं, तर त्यांना चंद्रकांत काकोडकरांचा खटला सांग. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. निकालात म्हटलं ते असं की कथा फार वरच्या दर्जाची नसेल, लेखकाचा कच्चेपणा दिसत असेल, पण वाचकाला भ्रष्ट करील असं तिच्यात काही नाही. कच्चं आणि वाईट या दोन गोष्टी न्यायमूर्तींनी वेगळ्या केल्या. तूही कर. त्याच वर्षी काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' पडद्यावर आला आणि घरंच्या घरं तो बघायला गेली.

अद्भुत आणि भयकथांचा माझा नियम साधा आहे. जादूची किंमत कोण मोजतं, ते बघायचं. गुणाढ्याने रक्त मोजलं. ज्या कादंबरीत मंत्र म्हटला की संकट टळतं आणि कुणाचं काहीच जात नाही, ती मी शंभर पानांवर मिटते. तूही मीट, प्रत्येक पुस्तक पुरं करायचं कर्ज आपल्यावर नसतं. फक्त वहीत लिही, कितव्या पानावर मिटलं आणि का. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवरून आली हे कळल्यावर तू अर्धा तारा कापलास. मी कापला नसता. मूळ पुस्तकही मिळवून वाच आणि अमेरिकेतलं भय मराठी गावात, मराठी वाड्यात आणताना त्यांनी काय टाकलं, काय नवं घातलं ते शोध. ते शोधता शोधता तुला धारपांचा हात ओळखता येईल. मग हृषीकेश गुप्ते वाच. 'हाकामारी' हे नावच आपल्या आजीच्या गोष्टीतलं, रात्री दारात उभं राहून नावाने हाक मारणारी. अनोळखी आवाजाला ओ देऊ नये, हे गावातलं शहाणपण घेऊन आजचा लेखक कुठवर जातो, ते तुला दिसेल.

रहस्यकथेपुढे मात्र मी कडक आहे. तू देवगिरी किल्ल्याच्या अंधारीतून, त्या काळोख्या भुयारातून गेली आहेस. मशाल धरलेला माणूस पुढे, आणि आपण भिंतीला हात लावत मागे. पायऱ्या, वळणं, खिडकीसारखी फसवी भोकं, सगळं तिथेच असतं. वर उजेडात आलो की वाटाड्या सांगतो, शत्रू कुठे चुकायचा, तेव्हा पटतं की आपण त्याच वळणावरून आलो होतो. रहस्यकथा अशीच बांधलेली हवी. खुनी शेवटच्या दहा पानांत नव्याने आणला, तर तो लेखकाचा अप्रामाणिकपणा समज आणि तसं स्पष्ट लिही, लेखक कितीही आवडता असो. शिरवळकरांचा वकील अमर विश्वास घे. शेवट कळल्यावर पहिली तीस पानं पुन्हा वाच. तिथे धागे सापडले तर कादंबरी खरी.

'प्रतिपश्चंद्र'सारख्या पुस्तकांना आणखी एक काम कर. शिवरायांच्या राजमुद्रेतल्या शब्दापासून प्रकाश कोयाडे यांनी रहस्य उभं केलं, तरुण मुलांनी ते रात्री जागून वाचलं, याचा मला आनंद आहे. पण वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढ. डावीकडे इतिहासात सापडतं ते, उजवीकडे लेखकाने रचलेलं. खात्री नसेल तर ग्रंथालयात जा, विचार. त्यामुळे रचलेल्याची किंमत कमी होत नाही, पण उद्या तू रचलेलं खरं म्हणून कुणाला सांगणार नाहीस.

एक विनंती, खिडकीवर बसलेल्या बाईची. वाचनालयात अशी पुस्तकं यायची की पहिल्याच पानावर पेन्सिलने खुन्याचं नाव लिहिलेलं असायचं. मी दुपारी खोडरबर घेऊन ती नावं पुसत बसायची. पुढच्या वाचकाचा आनंद कुणीतरी असा खाऊन टाकलेला मला बघवायचा नाही. मंडळात बोलशील तेव्हा शेवट सांगू नकोस. हवं ते मत दे, पण दार उघडं ठेवून दे.

मोठी पुस्तकंही वाच, ती मी तुला पाठवत राहीनच. जी. ए. कुलकर्णी वाचशील तेव्हा तुझ्या लक्षात येईल की अद्भुत तिथेही आहे. घाई नाही. आपल्या शहरात २०२१ पासून एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने मोहल्ल्यांमधून मुलांची वाचनालयं निघाली. पोरं खाली सतरंजीवर बसतात, हवं ते पुस्तक उचलतात. त्यांना कुणी 'घरी माहीत आहे का' विचारत नाही. ते चित्र मनात आलं की मला फार बरं वाटतं.

पुढच्या बैठकीला 'दुनियादारी' घेऊन जा. आधी सगळ्यांना सांग की मागच्या वेळी बोलले ते पुस्तक मी वाचलं नव्हतं. जड जाईल. मग पाच मिनिटं कादंबरीतल्या त्या कट्ट्यावर बोल, काय पटलं, काय पटलं नाही, कुठल्या पानावर रडलीस, सगळं.

वही या पत्राबरोबर पाठवते आहे. तारे खोडलेले नाहीत, प्रत्येकाशेजारी चार ओळींची जागा मात्र आखून दिली आहे. सुट्टीत आलीस की सकाळच्या एसटीने पैठणला जाऊ. घाटावर बसू आणि तू मला वहीतलं वाचून दाखव. बाबांना सांग, त्यांनी लहानपणी माझ्याकडून नेलेला 'काळा पहाड' अजून परत केलेला नाही.

तुझी,
आत्या