तरंगणारे दाणे आणि खिचडीतली भाजी

प्रश्न : मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. शाळेतला तांदूळ धुताना काही दाणे तरंगतात. गावात सगळे म्हणतात, प्लास्टिकचा तांदूळ आहे. घरचा डबा देऊ का? — एक आई, दौंड तालुका

उत्तर : ताई, ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्रावर ते पाडतात आणि साधारण शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात साध्या तांदळात घालतात. रंगाला जरा वेगळे, वजनाला हलके, म्हणून तरंगतात. कचरा समजून ते वेचून फेकले तर खर्च करून घातलेलं लोह उकिरड्यावर जातं! तांदूळ हलक्या हाताने धुवावा आणि पेज काढून टाकू नये. मुलीला थॅलेसेमिया असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारा.

माझी काळजी वेगळीच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. तांदळात सहसा कमी पडत नाही. हात आखडतो तो भाजीत. एखाद्या दुपारी शाळेत जा, खिचडीत भाजी दिसते का बघा, चव नोंदवही मागा. वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्यांनी चव घ्यायची, असा नियमच आहे. भाजी दिसली नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. डबा द्यायचाच तर पोळीभाजीऐवजी लिंबाची फोड द्या. खिचडीतलं लोह अंगी लागायला तिची मदत होते.